फोर्ड मॉडेल ए हॉट रॉडच्या चार सिलिंडर बी इंजिनासाठी एक्झॉस्टची निवड

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आपल्याकडे १९३० सालची मॉडेल ए रोडस्टर आहे, तिच्यात १९३२ चे मॉडेल बी इंजिन बसवलेले आहे, हेड बदलून कॉम्प्रेशन ५.५ च्या आसपास नेलेले आहे आणि वर दोन स्ट्रॉमबर्ग ८१ डाउनड्राफ्ट कार्ब्युरेटर आहेत. गाडी शर्यतीसाठी नसून सॅन बर्नार्डिनोच्या डोंगराळ रस्त्यांवर शनिवार-रविवारी चालवायची आहे. ओतीव लोखंडी हेडर (सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या मूळ मॅनिफोल्डच्या जागी बसणारा भाग), नळ्यांचा चार-एक हेडर (चार नळ्या एकीत मिळणारा) आणि चार मोकळ्या सरळ नळ्या या तीन पर्यायांपैकी कोणता घ्यावा, पुढचा पाइप किती इंची ठेवावा आणि सायलेन्सर कोणता लावावा, हे आपण विचारले आहे. गेली पंचवीस वर्षे मी दक्षिण कॅलिफोर्नियात याच जातीच्या इंजिनांवर काम करतो आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबले तरी चालवून घ्यावे.

पहिली गोष्ट म्हणजे हे इंजिन मिनिटाला किती फेऱ्यांवर चालते ते डोक्यात पक्के ठेवावे, कारण एक्झॉस्टचा सारा हिशोब तिथून सुरू होतो. मॉडेल ए चे २०० घन इंचांचे, म्हणजे सुमारे ३.३ लिटरचे इंजिन २२०० फेऱ्यांना ४० अश्वशक्ती देत असे. तेवढ्याच आकारमानाचे बी इंजिन २८०० फेऱ्यांना ५० देत असे. सिलिंडरचा व्यास ३ ७/८ इंच आणि स्ट्रोक ४ १/४ इंच, क्रँकला अवघी तीन मेन बेअरिंगे आणि तीही ओतीव बॅबिटची, म्हणजे मऊ मिश्रधातूची. अशा इंजिनाची ताकद खालच्या आणि मधल्या फेऱ्यांत असते. आपण चढावर बहुतेक वेळ १६०० ते २६०० च्या दरम्यान असाल, आणि बॅबिट टिकवायचे असेल तर ३५०० च्या वर जाण्याचे काम पडू नये. बाजारात दिसणारे बरेचसे एक्झॉस्ट मात्र पाच-सहा हजार फेरे घेणाऱ्या इंजिनांच्या कल्पनेवर बेतलेले असतात.

आता नळ्यांच्या लांबीकडे येतो, कारण तिथे सर्वाधिक गैरसमज आहेत. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची एक लाट नळीतून धावते, नळीच्या मोकळ्या तोंडाशी किंवा कलेक्टरशी, म्हणजे नळ्या एकत्र मिळतात तिथे, पोहोचली की तिची उलटी, म्हणजे ओढ निर्माण करणारी लाट परत येते, आणि ती लाट व्हॉल्व्ह मिटण्याच्या सुमारास पोहोचली तर सिलिंडरमधला उरलासुरला धूर बाहेर खेचते. तापलेल्या वायूत ही लाट सेकंदाला ढोबळमानाने ५२० मीटर जाते. ३००० फेऱ्यांना तिने नेमक्या वेळी परत यावे असे वाटत असेल तर प्रत्येक नळी १.६ ते १.८ मीटर लांब हवी. म्हणजे ती सीटच्या खालपर्यंत जाईल! बाजारातल्या हेडरच्या ६० सेंटीमीटरच्या नळ्या या हिशोबाने आठ-नऊ हजार फेऱ्यांना जुळतात, आणि तिथपर्यंत हे इंजिन कधीही पोहोचणार नाही. त्यात मूळच्या कॅममध्ये (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यात) दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ फारच थोडा असल्यामुळे त्या ओढीचा फायदा घ्यायला जागाही अपुरी असते. म्हणून ‘ट्यून केलेल्या लांबीचा हेडर’ या शब्दांवर पैसे खर्च करू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. निदान कॅम बदललेला नसेल तोपर्यंत तरी नाहीच.

मग हेडर लावल्यावर गाडी सुधारते ती कशामुळे? दोन कारणांमुळे. एक, मूळ मॅनिफोल्डमध्ये चारही सिलिंडरचा धूर एका अरुंद, आडव्या दालनात आदळतो आणि तिथून एकदम खाली वळतो. हेडरमध्ये त्याला सरळ आणि मोकळी वाट मिळते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. या इंजिनात स्फोटांचा क्रम १-२-४-३ असा आहे, म्हणजे दर १८० अंशांना एक सिलिंडर धूर सोडतो. पण प्रत्येक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सव्वादोनशे अंशांहून जास्त काळ उघडा असतो. एकाचा व्हॉल्व्ह पुरता मिटायच्या आत पुढच्याचा उघडतो, आणि त्याचा ताज्या दाबाचा धक्का पहिल्याच्या तोंडात शिरतो. पहिला आणि चौथा सिलिंडर मात्र एकमेकांपासून ३६० अंश दूर आहेत, तसेच दुसरा आणि तिसरा. म्हणून १ व ४ एका जोडीत आणि २ व ३ दुसऱ्या जोडीत घेतले, आणि या दोन नळ्या खाली जाऊन एकत्र केल्या, तर एकमेकांच्या वाटेत येण्याचा प्रश्नच मिटतो. यालाच चार-दोन-एक म्हणतात. त्यात पहिल्या नळ्या ३५ ते ४५ सेंटीमीटर आणि दुसऱ्या ७५ ते ९० सेंटीमीटर ठेवल्या, तर एकूण लांबीही मधल्या फेऱ्यांच्या हिशोबाच्या बरीच जवळ जाते.

आपल्या वापरासाठी हाच माझा पहिला कौल आहे. तयार मिळाला नाही तर चांगल्या वेल्डरकडून बनवून घ्यावा, कारण काम अवघड नाही. मधल्या दोन नळ्या शेजारी शेजारी आहेत, त्या लगेच जोडता येतात. बाहेरच्या दोन थोड्या वळवून आणाव्या लागतात, इतकेच. हे जमत नसेल तर साधा चार-एक हेडरही मूळ मॅनिफोल्डपेक्षा निश्चित बरा आहे, आणि या दोन हेडरमधला फरक मूळ मॅनिफोल्ड आणि हेडर यांच्यातल्या फरकापेक्षा लहान आहे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. ओतीव लोखंडी हेडर शांत असतो, वर्षानुवर्षे टिकतो, तापला तरी पातळ नळ्यांसारखा झणझणत नाही. मात्र वजनदार असतो आणि आधार नीट नसेल तर तडकतो. जुन्या गाडीचे रूप जपणाऱ्यांना मी तोच सुचवतो.

चार मोकळ्या नळ्यांचे आकर्षण मला समजते. १९३०च्या दशकात म्युरॉकच्या आणि नंतर एल मिराजच्या कोरड्या तलावांवर याच चार सिलिंडर फोर्ड गाड्या विनफिल्डचे कार्ब्युरेटर, रायलीचे आणि क्रॅगरचे हेड लावून धावत होत्या, आणि बॉनेटच्या बाजूने निघालेल्या त्या नळ्यांत हॉट रॉडचा जन्मच दिसतो. पण त्या गाड्या काही मैल सरळ धावून थांबत. रस्त्यावर मोकळी नळी म्हणजे चालकाच्या आणि शेजारच्याच्या पुढ्यात सोडलेला कार्बन मोनॉक्साइड. उघड्या रोडस्टरमध्ये काचेच्या मागे हवेचा भोवरा तयार होतो आणि बाजूने निघालेला धूर त्यात ओढला जातो. डोके दुखू लागेपर्यंत कळतही नाही. धुराचे तोंड प्रवाशांच्या बसण्याच्या जागेच्या पूर्ण मागे गेलेच पाहिजे. शिवाय कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेतील कलम २७१५० प्रमाणे पुरेसा सायलेन्सर आवश्यक आहे, आणि त्याच कलमात कटआउट, बायपास किंवा तत्सम यंत्रणेला मनाई आहे. म्हणजे झाकण लावलेली बाजूची नळी, जी आवश्यक तेव्हा उघडता येईल, तीही रस्त्यावर चालत नाही. १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना धूरतपासणीतून सूट आहे, ती आवाजातून नाही.

पाइपच्या व्यासाविषयी लोक हमखास मोठ्याकडे झुकतात. इथे दोन टोकांच्या समजुती आहेत. एक म्हणते, इंजिनाला थोडा मागचा दाब हवाच. दुसरी म्हणते, जितका मोठा पाइप तितके चांगले. मागच्या दाबाने कोणत्याही इंजिनाचे भले होत नाही. इंजिनाला हवा असतो तो धुराचा वेग, कारण वेगाने निघालेला धूर आपल्या मागे ओढ ठेवतो. फार मोठ्या पाइपात तो वेग मरतो आणि खालच्या फेऱ्यांतली खेच ढिली पडते. मग पाइप लहान केल्यावर गाडी सुधारली की लोक त्याचे श्रेय मागच्या दाबाला देतात. हिशोब असा करावा: दोन इंची बाहेरचा व्यास आणि १६ गेजचा पत्रा घेतला तर आतला व्यास १.८७ इंच आणि क्षेत्रफळ सुमारे २.७५ चौरस इंच होते. कारागिरांच्या नेहमीच्या ठोकताळ्यानुसार एवढा पाइप १४० अश्वशक्तीपर्यंत अडत नाही. आपले इंजिन या सर्व बदलांनंतर ७०च्या आसपास पोहोचले तरी दोन इंची पाइप त्याला मुबलक होतो, पावणेदोन इंचीही भागवतो. अडीच इंची घेतला तर तोच धूर जवळपास चाळीस टक्के कमी वेगाने जाईल. म्हणून पहिल्या नळ्या दीड इंची आणि जोडणीनंतरचा पाइप दोन इंची ठेवावा. नळीचे तोंड ब्लॉकच्या पोर्टपेक्षा, म्हणजे धूर बाहेर पडण्याच्या तोंडापेक्षा, किंचित मोठे असले तर चालते. लहान असून काठ आत डोकावत असेल तर ते कानशीने घासून काढावे.

आता ज्या भागावर मला सर्वांत जास्त बोलायचे आहे तिकडे येतो, कारण निम्मे हेडर इथेच फसतात. या ब्लॉकच्या उजव्या बाजूला चार एक्झॉस्ट पोर्ट आणि दोन इनटेक (मिश्रण आत घेणारे) पोर्ट एकाच ओळीत आहेत, आणि दोन्ही मॅनिफोल्ड त्याच स्टडवर, त्याच जाड वॉशरांनी आवळले जातात. म्हणजे वॉशरची एक कड इनटेकच्या फ्लँजवर (ब्लॉकला टेकणाऱ्या जाड पट्टीवर) आणि दुसरी एक्झॉस्टच्या फ्लँजवर बसते. हेडरचा फ्लँज इनटेकच्या फ्लँजपेक्षा अर्धा मिलिमीटर जरी जाड असला, तर नट कितीही आवळला तरी सारा दाब हेडरवर जातो आणि इनटेक सैल राहतो. मग इनटेकमधून हवा शिरते, मिश्रण पातळ होते, गाडी आयडलला लटपटते, आणि मालक दोन महिने कार्ब्युरेटर उघडून बसतो.

माझ्या स्वतःच्या गाडीत हे घडले. नवा हेडर, नवी गॅस्केटे, सारे चकाचक. पण दोन व तीन नंबरच्या सिलिंडरची आयडल काही जमेना. शेवटी दोन्ही मॅनिफोल्ड काढून शेजारी शेजारी ठेवले आणि व्हर्नियरने मोजले. हेडरचा फ्लँज दहा मिलिमीटर, इनटेकचा सव्वानऊच्या आत. हेडरच्या फ्लँजवर वॉशर बसण्याची जागा तेवढी मिल करून घेतली आणि त्याच संध्याकाळी इंजिन शांत चालू लागले. तेव्हापासून कोणताही हेडर हातात आला की मी नळ्या पाहण्याआधी फ्लँज मोजतो. आपण दोन डाउनड्राफ्टचे इनटेक वापरत आहात, त्यामुळे फरक असण्याची शक्यता अधिकच आहे.

फ्लँज सपाट आहे का तेही पाहावे. एक सरळ पट्टी सर्व तोंडांवरून आडवी ठेवावी आणि खालून फीलर गेज सरकवून पाहावे. वेल्डिंगच्या उष्णतेने नव्या हेडरचा फ्लँजही धनुष्यासारखा वाकतो. जुन्या ओतीव मॅनिफोल्डचे मागचे टोक तर पाइपच्या ओझ्याने खाली लोंबलेले हमखास सापडते. पाव मिलिमीटरहून जास्त फट दिसली तर नट आवळून ती मिटवू नये, फ्लँज मशीनवर घासून घ्यावा, नाहीतर एक दिवस स्टड तुटून ब्लॉकमध्ये राहील. तोंडांमध्ये ज्या कड्या बसतात, त्यांच्यासाठी हेडरमध्ये खाच आहे की नाही हे आधी तपासावे. नसेल तर कडी फ्लँजला उचलून धरते. बसवल्यानंतर गळती कुठे आहे ते काजळी सांगते: पोर्टच्या काठाशी पंख्यासारखी काळी खूण उमटलेली दिसली की तिथे धूर निसटतो आहे असे समजावे.

दोन डाउनड्राफ्टमुळे दुसरी, आणि गंभीर, अडचण येते. इनटेक व एक्झॉस्ट एकाच बाजूला असल्यामुळे आपले कार्ब्युरेटर थेट तापलेल्या हेडरच्या वर बसतात. सुईच्या टोकाखाली कचरा अडकून फ्लोटची वाटी भरून वाहू लागली तर पेट्रोल त्या नळ्यांवर टपकते. मी हे माझ्या डोळ्यांसमोर होताना पाहिले आहे. इंजिन नुकतेच बंद केलेले होते आणि अग्निशामक हाताशी होता म्हणून निभावले. म्हणून कार्ब्युरेटर आणि हेडर यांच्यामध्ये कड वळवलेला अॅल्युमिनियमचा पत्रा बसवावा, नळ्यांपासून त्याचे अंतर किमान २५ मिलिमीटर ठेवावे, आणि सांडलेले पेट्रोल मागे किंवा पुढे, नळ्यांपासून दूर वाहून जाईल असा उतार द्यावा. ए गाडीची पेट्रोलची टाकी डॅशबोर्डपुढे, इंजिनाच्या फायरवॉलमागेच असते आणि तिची नळी उजव्या बाजूनेच पुढे येते. ती नळीही हेडरपासून दूर आणि पत्र्याच्या आडून न्यावी. हाच पत्रा कार्ब्युरेटरमधले पेट्रोल उकळण्यापासूनही वाचवतो. उन्हात चढ चढून थांबल्यावर गाडी पुन्हा सुरू होत नाही याचे कारण बहुतेक वेळा तेच असते. उलट थंडीत इनटेकला मूळ मांडणीत एक्झॉस्ट मॅनिफोल्डकडून मिळणारी ऊब आता मिळणार नाही, त्यामुळे सकाळी गाडी तापायला काही मिनिटे जास्त द्यावीत.

मागे पाइप नेताना ब्रेकच्या सळया, त्यांचा आडवा दांडा आणि टॉर्क ट्यूब यांच्यापासून हलत्या स्थितीतले अंतर मोजावे, उभ्या गाडीतले नव्हे. या गाडीच्या पायाखालच्या फळ्या लाकडी आहेत. त्यांच्याखाली पाइप येत असेल तर तिथेही पत्रा लावावा. एक मीटर लांबीची पोलादी नळी ४०० अंशांनी तापली की जवळपास पाच मिलिमीटर वाढते, म्हणून पाइप चेसिसला घट्ट वेल्ड करू नये. पहिला आधार गिअरबॉक्सला, म्हणजे इंजिनासोबतच हलणाऱ्या भागाला द्यावा आणि मागचे आधार रबरी ठेवावेत. हेडरच्या टोकावर पाइपचे वजन पडले नाही तर फ्लँज पुन्हा वाकत नाही.

सायलेन्सरबाबत माझे मत सरळ आहे: आरपार नळीचा, काचतंतू भरलेला, पण लांब. २००० फेऱ्यांना या इंजिनाचा मूळ सूर सुमारे ६७ हर्ट्झचा असतो, आणि इतका खर्जातला आवाज काचतंतूला फारसा शोषता येत नाही; तो फक्त वरची खरखर मारतो. म्हणून ३० सेंटीमीटरचा छोटा सायलेन्सर लावला तर एकाच वेगावर सारी गाडी घुमू लागते. ६० ते ७५ सेंटीमीटरचा घ्यावा आणि जागा असल्यास मागच्या आसापाशी आणखी एक लहान जोडावा. मग या चार सिलिंडरचा तो भारदस्त, ठेक्यातला आवाज उरतो आणि शेजाऱ्यांनाही त्रास होत नाही. आतल्या नळीचा व्यास पाइपइतकाच, म्हणजे दोन इंची हवा. बाहेरून मोठा दिसणारा सायलेन्सर आत अरुंद असू शकतो, म्हणून विकत घेताना त्यातून आरपार पाहावे.

नळ्यांना उष्णता अडवणारी पट्टी गुंडाळावी का, असेही आपण विचारले आहे. साध्या पोलादावर गुंडाळू नये. पट्टीखाली ओल साचते, नळी आतबाहेरून गंजते, आणि दोन-तीन पावसाळ्यांत तिचा पापुद्रा निघतो. सिरॅमिकचा लेप हा त्याहून फार चांगला उपाय आहे, शिवाय उष्णताही अडवतो. क्रोम टिकत नाही; पोर्टजवळ निळा पडतो.

महाराष्ट्रात असे काही करू पाहणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगतो. १९२६ मध्ये फोर्डने भारतात आपली कंपनी काढली होती आणि पुढे मुंबई, मद्रास व कलकत्ता येथे गाड्यांची जुळणी होऊ लागली, त्यामुळे तिकडच्या ए गाड्या उजव्या स्टिअरिंगच्या आहेत. अमेरिकेतला तयार हेडर डाव्या स्टिअरिंगसाठी बेतलेला असतो. उजव्या स्टिअरिंगमध्ये तिचा खांब आणि पेटी नेमकी एक्झॉस्टच्याच बाजूला येतात, म्हणून पुठ्ठ्याचा साचा करून पाहिल्याशिवाय काही मागवू नये. दुसरे, भारतात २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला मिळणारी ‘व्हीए’ मालिकेतील व्हिंटेज नोंदणी मूळ स्वरूपात जपलेल्या गाडीसाठी आहे. तेथे मूळ मॅनिफोल्ड जपून ठेवावा आणि ब्लॉकवर परत न फिरवता येणारे काहीही करू नये.

बसवताना शेवटी एवढे करावे. जोडणीच्या जागेनंतर थोड्या अंतरावर ऑक्सिजन सेन्सरसाठी एक आटे असलेली वाटी वेल्ड करून घ्यावी, पाइपच्या वरच्या अंगाला, म्हणजे आत साचणारे पाणी सेन्सरवर येणार नाही. कार्ब्युरेटरची जेट बदलताना तिचा उपयोग होतो, कारण एक्झॉस्ट मोकळा झाल्यावर मिश्रण बदलतेच. स्टडवर पितळी नट वापरावेत, ते स्टडला जखडत नाहीत. पहिल्यांदा इंजिन तापवून पूर्ण थंड होऊ द्यावे आणि मग नट मधून बाहेरच्या दिशेने आवळावेत. तसेच दुसऱ्यांदा, आणि पुन्हा साधारण शंभर मैलांनंतर. तिसऱ्या खेपेला नट पाना लावल्यावर जराही फिरला नाही, की गॅस्केट बसले.